शनिवारचं शिकरण

“नाना, गिळा.”

नानांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि तोंडातलं सगळं हळूहळू गळ्याखालच्या टॉवेलवर सोडून दिलं. खजूर, सातूचं पीठ आणि मध, मिक्सरमधून गुळगुळीत काढलेलं. करायला पाऊण तास लागला होता.

“अहो, निदान चव तरी बघा!”

“नको,” नाना म्हणाले.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते. ‘नको’ आणि ‘पाणी’. त्यातलं पाणी डॉक्टरांनी बंद केलेलं. घशाची एक बाजू लुळी पडली होती, त्यामुळे पातळ काही दिलं की ते अन्ननलिकेत न जाता थेट श्वासनलिकेत उतरायचं. पाणी नको, चहा नको, ताक नको, वरणाचं पाणीही नको. चमच्यावरून धार लागेल असं काहीच द्यायचं नाही. चमचा तिरका केला की गोळा होऊन पडेल, असंच द्यायचं.

आणि हे कोणाला, तर माझ्या वडिलांना, फैजपूरच्या पाचपांडे वैद्यांना. उन्हाळ्यात अर्धा गाव त्यांच्या ओट्यावर वाळ्याचं सरबत प्यायला यायचा. धने-जिऱ्याचं पाणी, बेलाचं सरबत, सैंधव घातलेलं ताक, कोणाला कधी काय प्यायला सांगायचं ते त्यांच्या जिभेवर असायचं. त्यांची निम्मी औषधं पेल्यातून प्यायची होती. आता त्यांच्याच घरात त्यांना घोटभर पाणी द्यायची मला बंदी होती, आणि कोपऱ्यातल्या माठाकडे ते टक लावून बघत बसायचे.

हे पंधरा वर्षांपूर्वीचं. ऑक्टोबर महिना होता, आणि आमच्या खानदेशातला ऑक्टोबर म्हणजे काय ते खानदेशातल्यालाच विचारावं. मी धुळ्याहून महिन्याची रजा टाकून आले होते. शाळेत गणित शिकवायचे. स्वभाव आधीपासून तापट, असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे आणि माझंही तेच आहे. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. भाऊ मुकुंदा पुण्यात, तो आठवडाभर राहून परत गेला होता. म्हणजे घरात मी, नाना आणि तो मिक्सर.

नानांची खाट मी दवाखान्याच्या खोलीत टाकली होती, कारण तिथे वारा होता आणि तिथेच त्यांना बरं वाटायचं. समोर औषधांचं कपाट, त्यात पत्र्याचे डबे, डब्यांवर नानांच्या अक्षरात चिठ्ठ्या. त्यातल्या एका डब्याशी आमचं लहानपणापासूनचं वैर होतं. चिठ्ठीवर नुसतं ‘रवि.’ लिहिलेलं. रविवारी सकाळी दात घासून झाले की नाना तो डबा काढायचे आणि घरातल्यांना ओळीनं उभं करून चूर्ण द्यायचे. सुंठ, ओवा, हिरडा, काडेचिराईत आणि आणखी काय काय. कडू जहर! मुकुंदाला आणि मला एकेक चिमूट, आईला दोन. वयाप्रमाणे असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. कशाचं चूर्ण म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “आठवडाभराच्या खाण्याचं.” वैद्याच्या घरात जन्माला आल्याचा कर, असं मुकुंदा म्हणायचा.

कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर एक लाकडी पाटी होती. माझ्या आजोबांनी रंगवून घेतलेली. तेही वैद्यच. पाटीवर लिहिलेलं: ‘दूध आणि फळ एकत्र घेऊ नये. हा विरुद्ध आहार आहे.’ हसू नका. ज्या गावात बांधाबांधाला केळी आहे, लग्नाच्या पंगतीत शिकरणाच्या बादल्या फिरतात, त्या गावात ही पाटी. लोक नानांना पंगतीला बोलवायचे, नाना जायचे, आणि शिकरणाची बादली समोर आली की पानावर आडवा हात धरायचे. वाढप्यांनाही ते पाठ झालं होतं.

गुरुवारी जळगावहून तडवी मॅडम आल्या. गिळायला शिकवणारी बाई असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिशीच्या आतली पोरगी, पण काम नेटकं. नानांना बसतं केलं, हनुवटी छातीकडे झुकवायला लावली, गळ्याला दोन बोटं लावून बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या,

“ताई, गिळता येतंय त्यांना. अगदी व्यवस्थित नाही, पण येतंय. ते गिळत नाहीयेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे मनातून नकोय त्यांना. डॉक्टर काय म्हणाले?”

“सोमवारपर्यंत बघू म्हणाले. दिवसाला चार ग्लास पोटात गेले नाहीत, तर नाकातून नळी.”

आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हा तिच्या नाकात नळी होती, आणि तिनं ती दोनदा उपसून काढली म्हणून तिचे हात खाटेला बांधले होते. नाना तिच्या उशाशी बसून ते बांधलेले हात चोळत राहायचे. घरी आल्यावर त्यांनी मला आणि मुकुंदाला समोर बसवून सांगितलं होतं, “माझ्यावर वेळ आली तर हे करू नका. वचन द्या.” आम्ही दिलं होतं. आता वचन पाळायचं तर माणूस उपाशी मरणार आणि मोडायचं तर त्याचे हात बांधावे लागणार. सांगा, काय करायचं?

“मिल्कशेक देऊन बघा ना,” तडवी मॅडम म्हणाल्या. “दोन पिकलेली केळी, अर्धी वाटी दूध, थोडी साखर. मिक्सरमधून काढलं की जसं पाहिजे तसं दाट होतं, पोटही भरतं. केळ्याच्या गावात बसलाय तुम्ही.”

मी दचकून नानांकडे बघितलं. “मॅडम, हळू बोला!”

“का हो?”

मी पाटीकडे बोट केलं. त्यांनी वाचलं, आणि बिचाऱ्या आधी हसल्या, मग माझा चेहरा बघून गप्प झाल्या. “दुसरं काही चालेल,” म्हणाल्या. “पण दाट पाहिजे, आणि त्यांनी घेतलं पाहिजे.”

मग मी दुसरं सगळं केलं. नाचणीची आंबील केली, ती उडवून लावली. साबुदाण्याची पेज केली. वाळ्याचं पाणी आरारूट घालून दाट केलं, तर एक चमचा तोंडात घेऊन त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. पपईचा गर मधात घोटला. नुसतं केळं कुस्करून दिलं, ते घशाशी चिकटलं आणि खोकून खोकून त्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. खोकला थांबल्यावर त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं. “नको.” या वेळी त्यात राग नव्हता, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. नाना एखाद्या म्हाताऱ्या पेशंटच्या घरून परत आले की आईला सांगायचे, “तोंड मिटलंय त्यानं. तोंड मिटलेल्या माणसाला औषध नसतं, वैद्यानं उठावं.” ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

शुक्रवारी संध्याकाळी मुकुंदाचा फोन आला.

“ताई, तू सरळ शेक कर आणि सांग खजुराचं आहे म्हणून. वेलदोडा जास्त घाल, कळायचं नाही.”

“फसवून पाजू?”

“फसवून काय त्यात? औषध समजून दे.”

“मुकुंदा, चौऱ्याऐंशी वर्षं त्यांनी दूध आणि केळं एकत्र तोंडाला लावलं नाही. बोलता येत नाही म्हणून काहीही ओतायचं का त्यांच्यात? तुझ्या तोंडात कोणी असं घातलं तर?”

“मग सोमवारी नळी घाल!” तो ओरडला, आणि लगेच रडायला लागला. “मी इथे बसून काय करू, सांग ना.”

त्याला गप्प करता करता मीही रडले. फोन ठेवला तेव्हा आम्हाला दोघांनाही एकच आठवत होतं, आणि दोघांनीही त्याचं नाव काढलं नव्हतं.

कारण शिकरण आमच्या घरी व्हायचं. दर शनिवारी.

आई रावेरकडची, केळीच्या बागांमध्ये वाढलेली. तिच्या माहेरी पोळी आणि शिकरण हे भाकरी-भाजीइतकं साधं जेवण. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं हौसेनं शिकरण केलं, तर आजोबा ताट सरकवून पंगतीतून उठले. नाना त्यांच्या मागोमाग उठले. नव्या नवरीनं भरलेलं पातेलं गोठ्यात नेऊन ओतलं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना गाईला किती आवडलं तेच जास्त सांगितलं.

नाना दर शनिवारी सायकलवर सावद्याला पेशंट बघायला जायचे. ते गल्लीचं वळण ओलांडून गेले की आई पदर खोचायची. शेजारच्या यमुनामावशीकडून केळी यायची, चांगली काळे ठिपके पडलेली. आई ती हातानं कुस्करायची, दूध घालायची, साखर घालायची आणि खलबत्त्यात दोन वेलदोडे कुटायची. आजोबा पुढच्या खोलीत दुपारची झोप काढायचे, तेवढ्यात आम्ही तिघं स्वयंपाकघराचं दार लोटून एकाच पातेल्यातून खायचो. तळाचं, पातेल्याला चिकटलेलं, आई बोटानं पुसून खायची, तो तिचा हक्क होता. सालं यमुनामावशीच्या बकरीला. खलबत्ता धुऊन उन्हात. मग प्रत्येकाच्या हातावर बडीशेप, आणि आई ओठांवर बोट ठेवून आमच्याकडे बघायची.

त्यात नानांची सायकल म्हणजे आमचं घड्याळ. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मारुतीच्या पारापासूनच घंटी सुरू व्हायची. ट्रिंग ट्रिंग करत सावकाश यायचे. दारात आले की ओट्यावर बसून पाय धुवायचे, ते तरी किती वेळ! एकेक बोट चोळून. तोवर आमचं पातेलं घासून फळीवर. “तुमचा बाप देवमाणूस आहे,” आई हसत म्हणायची, “काही कळत नाही त्याला.” आम्हालाही तसंच वाटायचं. इतका मोठा वैद्य, माणसाची नाडी बघून काल काय खाल्लं ते सांगणारा, आणि स्वतःच्या घरात आंधळा. मुकुंदा तर त्यांची नक्कलही करायचा.

आजोबा गेल्यावर मी आईला म्हटलं होतं, आता सांगून टाक की नानांना. ती घाबरलीच. “नको ग बाई. वडिलांचा शब्द आहे त्यांना. कळलं तर माझ्या हातचं जेवतील का पुढे?” आणि मग माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. “शपथ घे. मी मेले तरी सांगायचं नाही.”

मी घेतली होती.

शनिवारी सकाळी यमुनामावशी आली. सत्तरीच्या पुढची, कमरेत वाकलेली, पण जीभ शाबूत. हातात केळ्याची फणी.

“काय करू राहिली व हेमा? खातो का काही तुझा बाप?”

“काही नाही मावशी. तोंडच उघडत नाहीत.”

“माह्या बागेतली हायेत. दे त्याले.”

“नुसतं केळं घशात अडकतं. दुधात दिलं पाहिजे. आणि दुधात कसं देऊ, तुम्हाला माहीत आहे ना सगळं.”

मावशी पाटीकडे बघत राहिली. “तुझ्या बापाले इच्चार ना मग.”

“काय विचारू? बोलता येतंय का त्यांना?”

“आयकता तर येते,” ती म्हणाली, फणी माझ्या मांडीवर ठेवली आणि कमरेवर हात देऊन उठली.

सांगायला लाज वाटते, पण हे मला सुचलंच नव्हतं. त्यांना फसवावं की फसवू नये, यावर आम्ही बहीण-भाऊ भांडत होतो. विचारावं, हे दोघांच्याही मनात आलं नव्हतं. इतके दिवस मी त्यांच्याशी ‘आ करा, गिळा, पुसू का’ एवढंच बोलले होते.

मी स्वयंपाकघरातून मिक्सर उचलून आणला आणि नानांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला. लांब वायरीचा बोर्ड ओढून आणला. दुधाचं पातेलं, साखरेचा डबा, वेलदोडे, खलबत्ता, सगळं त्यांच्या समोर मांडलं. नानांच्या पाठीशी उशा लावून त्यांना नीट बसतं केलं. ते एकेक वस्तू बघत होते. मग मी त्यांच्या समोर खुर्ची घेऊन बसले, आणि फळ्यासमोर उभं राहून बोलायची सवय असलेल्या मला एक वाक्य धड सुरू करता येईना.

“नाना, मी काय करतेय ते नीट बघा. हे केळं. हे दूध. मी हे एकत्र करणार आहे. विरुद्ध आहे, मला माहीत आहे. पण हे पोटात गेलं नाही तर परवा नळी घालतील. आईला घातली होती तशी. तुम्हाला नको असेल तर हात वर करा. मी इथेच थांबते. तुमच्या चोरून नाही करणार.”

त्यांनी हात वर केला नाही, पण मानही हलवली नाही.

मी केळं सोललं. आणि मग मला राहवेना. ज्याच्या समोर मी खरेपणाचा आव आणत बसले होते, त्याच्याशी मी चाळीस वर्षं खोटं वागले होते.

“आणखी एक सांगायचंय,” मी म्हटलं. “आई शिकरण करायची. तुम्ही शनिवारी सावद्याला गेलात की. आम्ही तिघं खायचो, दार लावून. किती वर्षं, ते मोजता यायचं नाही. सालं यमुनामावशीच्या बकरीला टाकायचो. तुमच्या घरात, तुमच्या पाठीमागे. आईनं मला शपथ घातली होती, मेले तरी सांगू नको म्हणून. आज मोडली. तिच्यावर रागवू नका नाना. तिला फार आवडायचं हो. तिच्या माहेरचं होतं ते. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण दोन चमचे घ्या.”

एवढं बोलले आणि मला हुंदकाच फुटला. पदराला नाक पुसत मी केळी भांड्यात टाकली, दूध ओतलं, साखर घातली. वर बघायची हिंमत नव्हती. मिक्सरचं बटण दाबणार, तेवढ्यात माझ्या मनगटावर थोपटल्यासारखं झालं. नानांचा डावा हात होता. मला वाटलं, झालं, नको म्हणताहेत.

त्यांनी हात पुढे नेला आणि खलबत्त्याला लावला.

मी वेलदोडे कुटायचे विसरले होते.

दोन वेलदोडे कुटले. तो वास खोलीभर झाला. मिक्सर फिरवला, चमचा तिरका करून बघितला, गोळा होऊन पडला. नानांची हनुवटी खाली झुकवली आणि पहिला चमचा तोंडात दिला. त्यांनी तो बराच वेळ तोंडात धरला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. खोकला नाही. मी थांबले. त्यांनी तोंड उघडलं.

पेला संपायला पाऊण तास लागला, एवढासा पेला. मध्ये एकदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते मी टॉवेलनं पुसलं आणि पुढचा चमचा दिला. संपल्यावर मिक्सरच्या भांड्यात थोडं चिकटून राहिलं होतं, ते मी बोटानं पुसून खाल्लं. अगदी नकळत, आईची खोड. वर बघितलं तर नाना माझ्याकडेच बघत होते.

त्यांनी कपाटाकडे हात केला.

“काय पाहिजे? औषध?”

हात तसाच. मी उठून वरच्या फळीवरचा डबा काढून दाखवला. “हे?”

“नको.”

“हे?”

“नको.”

दुसऱ्या फळीवरचे चार डबे झाले, सगळ्यांना नको. मी आता चिडायच्या बेतात होते. खालच्या फळीवर, मागे, चिठ्ठी पिवळी पडलेला एक डबा होता. मी तो पुढे धरला, आणि नाना काही बोलले नाहीत.

चिठ्ठीवर ‘रवि.’ लिहिलं होतं.

झाकण घट्ट बसलं होतं, चमच्याच्या दांड्यानं उघडलं. तळाला थोडं चूर्ण होतं. मी घाईनं म्हटलं, “नाना, कोरडं काही तुम्हाला चालणार नाही हं, ठसका लागेल.” त्यांनी माझ्याकडे लक्षही दिलं नाही. डाव्या हाताची दोन बोटं डब्यात घातली, चिमूट काढली, निम्मी चादरीवर सांडली, आणि माझा हात कुठे आहे ते शोधू लागले. मी तळवा पुढे केला. त्यांनी चिमूट माझ्या तळव्यावर ठेवली. परत डब्यात हात घातला, आणखी एक चिमूट काढून तिच्याशेजारी ठेवली.

दोन चिमटी.

“मला? मला कशाला?”

त्यांनी मिक्सरच्या रिकाम्या भांड्याकडे बघितलं. मग तोंड वाकडं करून, सगळा जोर लावून, ते म्हणाले,

“शन... वार.”

झटका आल्यापासूनचा तो त्यांचा तिसरा शब्द.

मी हात पुढे धरून तशीच बसले. शनिवारी खायचं आणि रविवारी चूर्ण. पातेलं पुसून खाणाऱ्या आईला दोन चिमटी, आम्हाला एकेक. आणि ती सायकलची घंटी! सोमवार ते शुक्रवार नाना कधी घरात येऊन उभे राहायचे ते कळायचंही नाही, आणि शनिवारी पारापासून ट्रिंग ट्रिंग. ओट्यावर बसून एकेक बोट चोळून पाय धुणं. अहो, पायांना एवढी कसली माती लागत होती त्यांच्या? गणिताची बाई मी, सहावीच्या पोरांना मांडणी चुकली म्हणून बोल लावणारी. आणि एवढं सोपं उदाहरण मला चाळीस वर्षं सुटलं नव्हतं.

संध्याकाळी मुकुंदाला फोन केला. “नानांनी घेतलं,” म्हटलं, “दोन पेले झाले.” मग बाकीचं सांगितलं.

“म्हणजे ते रविवारचं चूर्ण...” तो म्हणाला.

“हो.”

“आणि मी त्यांची नक्कल करायचो ग,” तो म्हणाला, आणि हसतोय की रडतोय ते मला कळेना.

सोमवारी नळी लागली नाही. नाना पुढे सव्वादोन वर्षं जगले. शब्द थोडे वाढले, पाणी कधी परत सुरू झालं नाही. दिवसाला चार पेले शिकरण, आणि मी धुळ्याला गेल्यावर ते यमुनामावशीची सून करून द्यायची. भिंतीवरची पाटी त्यांनी काढू दिली नाही. पाटीखाली बसून चमच्यानं शिकरण खाणारा वैद्य बघायला पेशंट यायचे, आणि नाना त्यांना अजिबात लाजायचे नाहीत.

फक्त त्या शनिवारची एक गोष्ट मी मुकुंदाला सांगितली नाही. आजवर कोणालाच सांगितली नव्हती.

ते चूर्ण तळव्यावर घेऊन मी बसले होते, तेव्हा मी नानांना विचारलं, “तुम्हाला सगळं कळलंय, हे आईला माहीत होतं का?”

नानांनी डावा हात हळूहळू वर नेला. हात पहिल्यांदा गालाला लागला, मग नाकाला. शेवटी नेमका जागेवर गेला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी दोन्ही चिमटी तोंडात टाकल्या. तीच ती चव, कडू जहर.

“बरं,” मी म्हटलं. “नाही सांगत तिला.”